फोंडा घाटात गाडी कोणी ओढावी?

(१)
राधानगरीहून पश्चिमेला निघालेला रस्ता दाजीपूरच्या जंगलातून सह्याद्रीच्या माथ्यावर पोहोचतो आणि तेथून फोंडा घाटाने कोकणात उतरतो. आज निपाणी आणि देवगड यांना जोडणारा हा रस्ता मोटारीने काही तासांत संपतो. दीडशे वर्षांपूर्वी याच वाटेने माल नेणाऱ्या गाडीवानापुढे पहिला प्रश्न असे तो गाडीला काय जुंपावे याचा. या धाग्यात त्याच प्रश्नाचा इतिहास पाहू. जड ओझे चाकांवर असेल, तर ते ओढण्यासाठी योग्य कोण, हे माणसाने कसे ठरवले?

(२)
प्रश्न वरवर ताकदीचा वाटतो. अधिक जड ओझे, अधिक बलवान प्राणी, असे सोपे गणित. परंतु घाटाचा इतिहास वाचताना पुन:पुन्हा वेगळेच दिसते. ओझे चढवणारे बरेच सापडतात. तेच ओझे उतारावर रोखून धरील, वळणावर सांभाळील, ज्याला वाटेत चारा-पाणी मिळेल आणि जो दुसऱ्या दिवशीही उभा राहील, असा ओढणारा मात्र दुर्मीळ असतो. संस्थाने, सैन्ये आणि साखर कारखाने या सर्वांना हा धडा आपापल्या काळात नव्याने शिकावा लागला.

(३)
प्रथम गाडी नव्हतीच, हे ध्यानात घ्यावे. सह्याद्रीच्या घाटवाटा शतकानुशतके पायवाटाच होत्या. मीठ, नारळ आणि सुकी मासळी वर येई, तर गूळ, धान्य व तंबाखू खाली जाई, आणि ही सगळी ने-आण बैलांच्या पाठीवर होई. वंजारी-लमाणांचे तांडे हे त्या काळचे वाहतूकखाते. एका बैलाच्या गोणीत साधारण सव्वाशे ते दीडशे किलो माल मावे. आकडा क्षुल्लक वाटेल, पण या पद्धतीत उतारावर मागून ढकलणारे काही नसते. प्राण्याचे ओझे त्याच्याच पाठीवर असते; तो थांबला की ओझेही थांबते.

(४)
चाक आले आणि हिशेब पालटला. सपाट, घट्ट रस्त्यावर जो बैल पाठीवर दीडशे किलो नेतो, तोच गाडीला जुंपल्यावर त्याच्या कित्येक पट ओढतो. एकोणिसाव्या शतकात घाटांतून गाडीरस्ते झाले आणि तांड्यांची सद्दी संपत गेली. मात्र चाकाने दिलेली सवलत चाकच उतारावर परत घेते. गाडीला थांबायचे नसते. तिला कोणीतरी थांबवावे लागते.

(५)
येथे थोडे आकडे मांडणे उपयोगी ठरेल. बैल दिवसभर सलग जो जोर लावू शकतो, तो त्याच्या वजनाच्या साधारण दहा ते बारा टक्के असतो. चारशे किलोच्या दोन बैलांची जोडी म्हणजे सुमारे ऐंशी ते पंचाण्णव किलोची ओढ. आता मालासह दोन टन वजनाची, रबरी चाकांची गाडी घ्या. डांबरी सपाटीवर तिला चाळीस किलोच्या आसपास ओढ पुरते. जोडी आरामात चालेल. वीस मीटर चालताना एक मीटर वर चढणारा, असा मध्यम चढ आला, की त्यात आणखी शंभर किलोंची भर पडते. म्हणजे मागणी एकशे चाळीस आणि पुरवठा जेमतेम पंचाण्णव. क्षणभर बैल दुप्पट-तिप्पट जोर लावतात, हे खरे. पण घाट क्षणात संपत नाही.

म्हणून घाटाच्या पायथ्याशी पुढे आणखी एक जोडी जुंपण्याची रीत होती. माथा आला की ती सोडायची.

(६)
उतारावर तीच गाडी उलट वागते. दहा मीटरला एक मीटर अशा उतारावर ती बैलांना मागून सुमारे दीडशे किलोंनी ढकलते. बैलाच्या खांद्यावरचे जू ओढण्यासाठी घडलेले आहे. बैल रोखू लागला, की ते पुढे सरकून शिंगांच्या मुळाशी अडते आणि सारा भार मानेवर व डोक्यावर येतो. त्यामुळे गाडीवान चाकावर लाकडी ठोकळा घासवत, कधी चाकच दोराने बांधून ते फरफटत नेत. उतरणीला जोडीतला तापट, उतावळा बैल धोक्याचा ठरे. शर्यतीत ज्याला मान, त्याला घाटात कोणी विचारत नसे.

(७)
गाडीवानांच्या भाषेतले दोन शब्द येथे मुद्दाम नोंदवावेत. दोन चाकांच्या गाडीत माल पुढे जास्त भरला, तर जू बैलांच्या मानेवर दाबते. अशी गाडी ‘धुरजड’. माल मागे जास्त झाला, तर जू वर उचलले जाऊन बैलांच्या गळ्याला फास बसतो. अशी गाडी ‘उलाळ’. चांगला गाडीवान गाडी किंचित धुरजड ठेवी. अगदी समतोल गाडी खड्ड्याखड्ड्याला पुढे-मागे डुलते आणि बैलांना हैराण करते.

आज युरोप-अमेरिकेत मोटारीमागे फिरते घर जोडून प्रवास करणाऱ्यांना हेच शिकवले जाते. जोडणीच्या हुकावर ओझ्याचा ठरावीक वाटा पडलाच पाहिजे. ब्रिटनमध्ये तो एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के सांगितला जातो, तर अमेरिकेत दहा ते पंधरा. त्याहून कमी पडला, तर वेगात मागची गाडी शेपटीसारखी हलू लागते आणि ओढणाऱ्या मोटारीलाही फिरवते. त्याहून जास्त पडला, तर मोटारीची पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकेनासे होते. उलाळ आणि धुरजड, दुसरे काय!

(८)
ओढणाऱ्याच्या निवडीवर सर्वांत जास्त विचार सैन्यांनी केला, कारण तोफ वेळेवर पोहोचली नाही तर ती नसल्यासारखीच. अठराव्या शतकातील मराठी फौजांपुढे हा पेच सतत होता. घोडदळाचा वेग एकीकडे आणि बैलांनी ओढलेल्या जड तोफांची चाल दुसरीकडे. पानिपतापूर्वी मल्हारराव होळकर व सूरजमल जाट यांनी सदाशिवरावभाऊंना जड सरंजाम व बुणगे मागे ठेवण्याचा सल्ला दिला होता, अशी परंपरा बखरी-तवारिखांतून येते. त्या सल्ल्यावर पुष्कळ वाद झाला आहे. त्यामागचे गणित मात्र साधे होते : फौज तिच्या सर्वांत मंद गाडीच्या वेगानेच चालते.

(९)
२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातील असई. आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, याच्या तोफा ओढायला बैल होते. म्हैसूरच्या राजांनी जोपासलेल्या आणि हैदर-टिपूच्या काळात नावारूपाला आलेल्या ‘अमृतमहाल’ जातीच्या बैलांवर त्याचा मोठा विश्वास होता; टिपूच्या पाडावानंतर ते खिल्लार इंग्रजांच्या हाती आले होते. त्या मोहिमेतील त्याची पत्रे पाहिली, तर शत्रूइतकीच काळजी त्याने बैलांची केलेली आढळते.

असईच्या रणात शिंद्यांच्या तोफखान्याने अचूक मारा केला. वेलस्लीच्या तोफांचे गोलंदाज आणि बैल पटापट पडले, आणि त्या तोफा जागच्या जागी मुक्या झाल्या. त्याला त्या मागे टाकून पायदळ पुढे न्यावे लागले. लढाई त्याने जिंकली, पण जबर किंमत देऊन. उत्तम बैल दूरवर तोफ पोहोचवतो. पोहोचल्यावर मात्र गोळा त्याला तोफेइतकाच सहज लागतो, आणि तोफेच्या मानाने तो फारच मऊ असतो.

(१०)
मग हत्ती का नाही? ताकदीच्या एकट्या कसोटीवर निवड व्हायची असती, तर वाद तेथेच मिटला असता. ब्रिटिश हिंदी सैन्याने वेढ्याच्या जड तोफांसाठी हत्ती वापरलेही. चिखलात रुतलेली तोफ बैलांच्या लांबलचक रांगेला हलत नसे, ती हत्ती कपाळ टेकवून बाहेर काढी. पण त्याच्या पोटाला दिवसाला दीड-दोनशे किलो चारा लागतो. आणि दुसरी अडचण अधिक मोठी : हत्ती हुशार असतो. गोळे पडू लागले, की पुढे जाण्यात त्याला काही शहाणपण दिसत नाही. त्यामुळे गोळीच्या टप्प्यात येण्याआधी हत्ती सोडून बैल जुंपण्याची रीत पडली. रुडयार्ड किपलिंगने १८९४ च्या ‘जंगल बुक’मधील एका कथेत याच प्रकारावर विनोद केला आहे. तेथील तोफेचा हत्ती आपली भीती कबूल करतो आणि बैल मख्खपणे चरत राहतात.

(११)
कोल्हापूरच्या मुलखातही जड तोफांची वाट पाहण्याची वेळ इंग्रजांवर आली. १८४४ मध्ये गडकऱ्यांचा उठाव पेटला. गडहिंग्लजजवळचा सामानगड, राधानगरीच्या शेजारचा भुदरगड आणि पुढे पन्हाळा हे त्याचे टप्पे. बेळगावहून आलेली पलटण सामानगडापुढे पोहोचली, पण कोट फोडायला हलक्या तोफा पुरेशा नव्हत्या. वेढ्याच्या मोठ्या तोफा आल्यावर, १३ ऑक्टोबर १८४४ रोजी, गड पडला. १ डिसेंबरला पन्हाळाही गेला. पावसाळ्याने भिजलेल्या काळ्या मातीतून अशी तोफ ओढत आणणे म्हणजे काय, हे त्या भागातल्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. गडकऱ्यांना जे काही आठवडे मिळाले, त्यांत या मातीचाही वाटा धरायला हवा.

(१२)
माती अशी असेल, तर तिच्याजोगा बैलच घडवावा, हा विचार पुढे दक्षिण महाराष्ट्रातील संस्थानिकांनी केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सांगली परिसरातील पटवर्धनांच्या आश्रयाने गीर, ओंगोल, म्हैसूरकडील आणि स्थानिक रक्त एकत्र करून ‘कृष्णा खोरे’ ही जात पुढे आली. थोराड, संथ, चिकट काळ्या जमिनीत जड नांगर आणि गाडी ओढणारा बैल. याच्या अगदी विरुद्ध खिल्लार : सडपातळ, ताठ, चपळ, लांब पल्ल्याचा. आज शर्यतीमुळे खिल्लारचे कौतुक घरोघर आहे आणि कृष्णा खोऱ्याची जनावरे फारच थोडी उरली आहेत. चपळ की थोराड, हा वाद कोणता बैल श्रेष्ठ याचा कधीच नव्हता. ओझे कोणते आणि वाट कोणती, हे आधी सांगा, मग बैल सांगता येईल, असा तो होता.

(एक गंमत. राधानगरी-दाजीपूरचे जंगल १९५८ पासून गव्यांसाठी अभयारण्य आहे. पूर्ण वाढलेला नर गवा बैलाच्या दुपटीने भरतो. या खोऱ्यातल्या सर्वांत बलवान खांद्यावर कोणीही जू ठेवू शकले नाही.)

(१३)
जनावर बलवान असणे वेगळे आणि ते गाडीला लागणे वेगळे. यासाठी मराठीत एक स्वतंत्र वाहनच होते : ‘खडखडा’. नवा घोडा गाडीला सरावावा म्हणून वापरली जाणारी ही आडदांड, उघडी गाडी. राजर्षी शाहू महाराजांना जनावरे शिकवण्याचा नाद होता आणि त्यांच्या खडखड्याच्या फेऱ्या कोल्हापूरच्या आठवणींचा भाग झाल्या आहेत. शिकार, हत्ती, घोडे यांच्या कथांत हा तपशील हरवतो, म्हणून तो येथे नोंदवला.

(१४)
१८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झाली आणि मालाची दिशा बदलली. बंदरांकडे घाटाने उतरणारा माल आता पूर्वेला मिरजेकडे वळू लागला. रेल्वेने ओढणाऱ्याचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला : तिने इंजिन बलवान करण्याइतकाच रस्ता सपाट आणि गुळगुळीत करण्यावर खर्च केला. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाला विरोध इतका कमी, की थोड्या ताकदीत प्रचंड ओझे सरकते. पण रूळ कोल्हापुरात संपले. राधानगरीपर्यंतची वाट बैलांचीच राहिली.

(१५)
रुळांशिवाय वाफेचे इंजिन चालवण्याचाही प्रयत्न झाला होता. १८७० च्या दशकाच्या आरंभी क्रॉम्प्टन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने पंजाबात साध्या सडकेवर वाफेचे इंजिन आणि त्यामागे जोडलेले डबे, अशी ‘सडकेवरची आगगाडी’ चालवून दाखवली. स्कॉटलंडच्या थॉमसनच्या रचनेची ती इंजिने, चाकांवर जाड रबर. कल्पना काळाच्या पुढची होती, पण रेल्वेपुढे ती टिकली नाही.

इकडे इंग्लंडात १८८५ मध्ये गॉर्डन स्टेबल्स या डॉक्टर-लेखकाने हौसेखातर ‘वाँडरर’ नावाचे फिरते घर बांधून घेतले. केवळ सहलीसाठी बांधलेले हे पहिले चाकांवरचे घर मानले जाते. पलंग, स्वयंपाकघर, पुस्तके, सगळे आत. वजन सुमारे दोन टन. आणि ओढायला घोडे किती? दोन. वरच्या पाचव्या भागातील हिशेब आठवला, तर चढावर त्यांची काय दशा होत असेल, हे वेगळे सांगायला नको. घर आधी हौसेने बांधायचे आणि ओढणाऱ्याचा विचार मागाहून करायचा, ही चूक तेव्हापासून आजपर्यंत चालत आली आहे.

(१६)
आता पुन्हा राधानगरी. १९०८ मध्ये शाहू महाराजांनी भोगावतीकाठच्या वळवडे गावाजवळ नवी वसाहत वसवली आणि तिला राजकन्या राधाबाईंचे नाव दिले. त्याच सुमारास धरणाचे काम हाती घेतले गेले. पैशाअभावी १९१८ च्या सुमारास ते थांबले आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकात पूर्णत्वाला गेले. या धरणाने खोऱ्याला बारमाही पाणी दिले. नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले आणि भाताच्या, नाचणीच्या मुलखात ऊस आला.

ऊस हे ओझ्याचे पीक आहे. तोडल्यावर तो शेतात थांबू शकत नाही. उशीर झाला की वजन व साखर दोन्ही घटतात. परिते येथील भोगावती आणि बिद्रीचा दूधगंगा-वेदगंगा, या सहकारी कारखान्यांपर्यंत तो दर हंगामात ताजाच पोहोचला पाहिजे. फोंडा घाटातला जुना प्रश्न अशा रीतीने राधानगरीच्या शेताच्या बांधावर येऊन उभा राहिला.

(१७)
प्रथम उत्तर बैलच होते, पण गाडी बदलली. लोखंडी धाव गेली, रबरी टायर आला. टायरगाडीने ओढ हलकी झाली, तसे ओझे वाढले. ही गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. सपाटीवर वाचलेला सगळा जोर माणसाने जास्त ऊस भरण्यात खर्च केला, आणि चढ-उतारावर टायर काहीच मदत करत नाही. तेथे केवळ वजन बोलते. बीडकडून येणाऱ्या ऊसतोड कुटुंबाची कमाई खेपेच्या वजनावर ठरते. त्यामुळे गाडी हलकी भर, असे त्यांना सांगणे सोपे आणि ऐकणे कठीण. बैल मोडला, तर हंगाम मोडतो. दोन्ही बाजूंनी सापळा.

(१८)
कायद्याने या प्रश्नात १९६५ मध्ये हात घातला. ओढकाम करणाऱ्या व पाठीवर ओझे वाहणाऱ्या प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणारे केंद्र सरकारचे नियम त्या वर्षी आले. जनावराचा आकार आणि चाकाचा प्रकार पाहून ओझ्याची कमाल मर्यादा ठरली. दिवसात नऊ तासांहून अधिक काम नाही, आणि पारा ३७ अंशांपुढे गेला, तर दुपारी १२ ते ३ जुंपणे नाही. त्यातले एक कलम घाटातल्या जुन्या गाडीवानाने लिहिले असावे असे वाटते : वाटेत किमान एक किलोमीटरचा चढ असेल आणि तो तीस मीटरला तीन मीटरहून अधिक असेल, तर ओझे निम्मेच भरावे.

(१९)
मग ट्रॅक्टर आला. दोन-अडीच टन वजनाचे यंत्र, मागे एकामागे एक दोन ट्रॉल्या, आणि त्यांत दहा टनांपलीकडचा ऊस. ताकदीचा प्रश्न सुटला, असे वाटते. पण ट्रॅक्टर शेतात हळू चालत नांगर ओढण्यासाठी घडला आहे. नांगर थांबवावा लागत नाही. तो मातीत आपोआप थांबतो. ट्रॉली तशी थांबत नाही. अनेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात, म्हणजे सगळे ओझे ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी रोखायचे. उतारावर मागची ट्रॉली पुढचीला, ती ट्रॅक्टरला ढकलते आणि वळणावर सगळी रांग घडीसारखी मिटते. ब्रिटनमध्ये नवशिक्या मोटारचालकाला फिरते घर निवडताना सल्ला दिला जातो, की मागचे ओझे मोटारीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांपुढे नसावे. येथे ते चारपट, पाचपट असते.

चढावर पुढची चाके हवेत उचललेला ट्रॅक्टर पाहून रस्त्याकडेला शिट्ट्या वाजतात. त्या क्षणी चालकाच्या हातातले सुकाणू कशालाही जोडलेले नसते. गाडी धुरजड आहे, एवढाच त्याचा अर्थ.

(२०)
ऊस उतरणीच्या शेतातून, ओल्या वाटेने बाहेर काढताना एक ट्रॅक्टर पुरेनासा झाला, की गावातला दुसरा बोलावून त्याच्यापुढे साखळीने जोडतात. डांबरी रस्ता लागला की साखळी सोडून तो परत जातो. राधानगरीच्या शिवारात हंगामात हे दृश्य नवे नाही. फोंड्याच्या पायथ्याशी पुढे जुंपली जाणारी जादा जोडीही माथ्यावर अशीच सोडली जात असे.